वाचक विचारतात : चित्रं जमत नाहीत, तरी वास्तुकलेचा इतिहास शिकू का?

प्रश्न : मॅडम, मी इतिहास घेऊन पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. पुढे वास्तुकलेच्या इतिहासात एम. ए. करायचं मनात आहे. पण मला सरळ रेघसुद्धा मारता येत नाही आणि वर्गात बरीच मुलं आर्किटेक्चर करून आलेली असतील. शिवाय एक सीनियर म्हणाली, 'त्यात काय, शैली आणि सनावळ्या पाठ करायच्या.' तसं असेल तर मी आहे तिथंच बरी.

उत्तर : सीनियरचं अर्धं खरं आहे. रोमनेस्क, गॉथिक, बरोक हे सुरुवातीला घोकावंच लागतं आणि ते कंटाळवाणं असतं, खोटं कशाला सांगू? पण पुढे सन पाठ करण्यापेक्षा तो सिद्ध करण्यातच जास्त वेळ जातो. रोममधलं पँथिऑन हे प्राचीन देऊळ घे. दर्शनी भागावर ठसठशीत अक्षरांत कोरलंय, की हे मार्कस अग्रिपाने तिसऱ्यांदा कॉन्सल (दरवर्षी नेमला जाणारा रोमचा सर्वोच्च अधिकारी) असताना बांधलं. म्हणजे इ. स. पू. २७ च्या सुमारास. लोकांनी ते प्रमाण मानलं. मग १८९२ मध्ये जॉर्ज शेदान या फ्रेंच वास्तुविशारदाने विटांवरचे शिक्के तपासले. रोमन वीटभट्ट्या विटांवर आपला छाप मारत आणि काही छापांत त्या वर्षीच्या कॉन्सलांची नावंही असत. शिक्के निघाले सम्राट हेड्रियनच्या काळातले, अग्रिपानंतर जवळजवळ दीडशे वर्षांचे! जुन्या बांधणाऱ्याचं नाव नव्या देवळावर तसंच ठेवलेलं होतं. वाद तिथंही संपला नाही. शिक्क्यांची फेरतपासणी झाली आणि आता बरेच अभ्यासक म्हणतात, की काम हेड्रियनच्या आधीचा सम्राट ट्राजान याच्या शेवटच्या वर्षांतच सुरू झालं असावं.

शिलालेख, पत्रं, हिशेबवह्या तपासायची सवय तुला आहेच. इथं पुराव्यांत इमारतीची भर पडते. कागद एक सांगतो, वीट दुसरंच सांगते, तेव्हा खरा अभ्यास सुरू होतो.

आता रेघांचं. सुंदर चित्र तुझ्याकडे कुणी मागणार नाही. प्लॅन आणि सेक्शन मात्र वाचता आलेच पाहिजेत, त्यात सूट नाही. इमारत साधारण छातीच्या उंचीवर आडवी कापून वरून पाहिली की प्लॅन, उभी कापून समोरून पाहिली की सेक्शन. जाड रेघ म्हणजे जे कापलं गेलं ते, बारीक रेघ म्हणजे पलीकडे दिसतं ते. राहत्या खोलीपासून सुरुवात कर. टेपने चारही भिंती मोज, मग दोन्ही कर्ण मोज. समोरासमोरच्या भिंती सारख्या आणि कर्ण मात्र वेगळे आले, तर खोली काटकोनात नाही. नुसत्या नजरेला हे सहसा कळत नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीपाशी मोज. हे सगळं कागदावर उतरवायला बसलीस की मध्येच हात अडेल : खिडकी कोपऱ्यापासून किती लांब होती? जिथं हात अडतो तिथं आपण नीट पाहिलेलं नसतं. म्हणून काढायचं. रेघ वाकडी आली तर येऊ दे.

आर्किटेक्चरवाल्यांचं दडपण घेऊ नकोस. त्यांना ड्रॉइंग येतं, पण ड्रॉइंगवर त्यांचा विश्वासही फार. इटालियन वास्तुविशारद पल्लाडिओने १५७० च्या ग्रंथात आपण आखलेल्या व्हिला रोटोंडा या बंगल्यावर छान अर्धगोल घुमट छापलाय. १५८० मध्ये तो गेला, काम स्कामोझी या वास्तुविशारदाने पुरं केलं आणि घुमट झाला बसका. नुसता ग्रंथ पाहून निबंध लिहिणारा कधीच न बांधलेल्या घुमटाचं कौतुक करून मोकळा होतो. 'हे कधी छापलं, कुणासाठी छापलं' असं विचारणारं कुणीतरी वर्गात लागतंच.

प्रवेशाचे नियम विद्यापीठागणिक वेगळे असतात. हा विषय कुठे आर्किटेक्चर विभागात असतो, कुठे कलेच्या इतिहासाबरोबर. विभागाच्या नावावर जाऊ नकोस. प्रत्यक्ष इमारतीवर जाऊन मोजणी करवतात का, एवढं विचार. सगळं स्लाइडवरच चालत असेल, तर मी दुसरीकडे बघेन.

प्रश्न : आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिझाइनचं सबमिशन तोंडावर असताना इतिहासाचा पेपर म्हणजे डोक्याला ताप. याचा उपयोग काय?

उत्तर : उपयोगच हवा असेल तर पडलेल्या इमारती वाच. इस्तंबूलची हागिया सोफिया, मूळची चर्चची इमारत, ५३७ मध्ये पुरी झाली आणि भूकंपांनी खिळखिळा झालेला तिचा घुमट ५५८ मध्ये कोसळला. तो उथळ होता. घुमट जितका उथळ, तितका तो आधारांना बाहेर जास्त रेटतो. वास्तुविशारद धाकट्या इसिडोरसने ५६२ पर्यंत नवा चढवला, तो मुद्दाम जास्त उंच. स्ट्रक्चर्सच्या तासाला हेच नुसतं सूत्र म्हणून येतं. (दिवे मालवून, स्लाइड दाखवून इतिहास शिकवत असतील तर झोप येणारच. त्यावर माझ्याकडे औषध नाही.)

प्रश्न : प्रबंधासाठी निवडलेली इमारत मी पाहिलेली नाही आणि तिथं जाणंही शक्य नाही. विषय बदलू का?

उत्तर : बदलू नकोस. जर्मन वास्तुविशारद मीस व्हान डेर रोहचं बार्सिलोना पॅव्हेलियन १९२९ च्या प्रदर्शनासाठी उभं राहिलं, १९३० मध्ये उतरवलं गेलं आणि त्याच जागी पुन्हा बांधून झालं ते थेट १९८६ मध्ये. मधल्या काळात त्याच्यावर भरपूर लिहिलं गेलं, बहुतेक कृष्णधवल फोटोंवरून. हिरवा संगमरवर, सोनेरी ओनिक्स दगड, लाल पडदा, यांतला एकही रंग त्या फोटोंत नाही. तेव्हा तुझं प्रत्येक विधान फोटोवरून आहे, मोजलेल्या प्लॅनवरून आहे की कुणाच्या वर्णनावरून, हे वाचणाऱ्याला कळू दे. आणि प्रत्येक फोटो कुठे उभं राहून काढलाय, त्याची प्लॅनवर खूण कर. सगळ्या खुणा एकाच बाजूला गोळा झाल्या, तर मागच्या बाजूचा फोटो मिळेपर्यंत तिच्याबद्दलचं प्रकरण लिहायला घेऊ नकोस.