कुलरमधली बाळंतीण

प्रश्न : आम्ही अकोल्याला राहतो. गच्चीवर जिन्याजवळ जुना पत्र्याचा कुलर ठेवला होता. ताट्या बदलायला उघडला, तर आत एक भटकी मांजर आणि चार पिल्लं. पिल्लांचे डोळे मिटलेले आहेत. दुपारी पत्र्याला हात लावता येत नाही. मांजर फिसकारते, जवळ येऊ देत नाही. सासूबाई म्हणतात, हात लावला तर ती पिल्लं टाकून देईल. मुलगा म्हणतो, घरात आणून वाटीनं दूध पाजू. शेजारच्या काकांचं मत, पोत्यात घालून बाजारात सोडा. काय करू? कुलर तर आम्हालाही हवाय!
– एक वाचक, अकोला

उत्तर : ताई, काकांचं आधी निकालात काढते. जनावर असं नेऊन सोडणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. शिवाय डोळे मिटलेलं पिल्लू बाजारात एक दुपार काढणार नाही.

मांजराच्या पिल्लांचे डोळे सात ते चौदा दिवसांत उघडतात. म्हणजे तुमची पिल्लं अगदी ओली आहेत. पहिले तीन आठवडे त्यांना अंगातली उष्णता सांभाळता येत नाही. गार वाटलं तर एकमेकांच्या अंगावर चढून ढीग करतात, उकडलं तर सरपटत लांब होतात. पण कुलरच्या टाकीत लांब जाणार कुठे? चारी बाजूंनी पत्राच. एकदा दुरूनच डोकावून बघा. पिल्लं एकमेकांपासून दूर, पसरून पडली असतील, तोंड उघडून चिरकत असतील, तर ती भाजतायत. हलवा त्यांना, आणि आजच.

एरवी सकाळी ऊन चढायच्या आत, मांजर खायला उतरली की हलवा. बेताचं पुठ्ठ्याचं खोकं आडवं ठेवा, आत जुनी सुती साडी. कुलरमध्ये ती ज्या चिंधीवर निजली होती ती तशीच उचलून वर घाला, धुऊ नका. खोकं जिन्याखाली, तळमजल्यावर, जिथे दिवसभर सावली आणि थोडा वारा असेल तिथे. एकाच फेरीत चारही पिल्लं न्या, आणि ती परतेल तेव्हा तिला दिसेल, ऐकू येईल असं ठेवा. ती समोर असतानाच हलवावं लागलं तर हाताला जाड टॉवेल गुंडाळा. चावलीच, तर साबण लावून पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली धुवा आणि त्याच दिवशी रेबीजच्या इंजेक्शनसाठी दवाखान्यात जा.

सासूबाईंचं अर्धं खरं आहे. माणसाचा वास लागला म्हणून मांजर पिल्लं टाकत नाही. पण दर तासाला मोबाईल घेऊन डोकावलात, तर मात्र ती मानगुटीला धरून एकेक पिल्लू दुसरीकडे नेईल, तेही भर दुपारी. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना, ते उगाच नाही. म्हणून पलीकडच्या कोपऱ्यात दुसरं रिकामं खोकं आधीच ठेवून द्या. बदलायचंच असेल तर तिथे बदलू दे.

गारव्यासाठी खोक्यावर ओलं गोणपाट चालेल, पण तोंड मोकळं हवं. अकोल्याच्या कोरड्या हवेत त्यानं खरंच फरक पडतो. रत्नागिरीच्या दमटात हा सल्ला मी दिला नसता. कुलरचा झोत मात्र थेट पिल्लांवर नको. पहाटे ती गारठतात, आणि गारठलेल्या पिल्लाला दूध पचत नाही.

आता मुलाचं वाटीतलं दूध. नको म्हणजे नको. एवढं लहान पिल्लू वाटीतून पीत नाही, ते दूध फुप्फुसात ओढतं. गाईच्या दुधानं जुलाब लागतात, आणि मे महिन्यात जुलाब म्हणजे काही तासांचा खेळ. आई येत-जात असेल तर पिल्लांना काहीही भरवायचं नाही. पाच-सहा तास ती फिरकलीच नाही, तर पिल्लं घेऊन जनावरांचा दवाखाना गाठा.

तुमचं दूध-पैसा-कौतुक सगळं आईवर खर्च करा. अंगावर पाजणाऱ्या मांजरीला एरवीच्या दुप्पट-तिप्पट खाणं लागतं. दूध-पोळीनं तिचं भागत नाही, ती मांसाहारी आहे. उकडलेलं अंडं, मीठ-कांदा-लसूण न घातलेलं शिजवलेलं चिकन. घरात अंडं चालत नसेल तर मांजराच्या पिल्लांसाठी मिळणारं कोरडं पाकीट आणा, तेच आईला द्या. सकाळी लवकर आणि सूर्य मावळल्यावर. मधल्या वेळचं उन्हानं आंबतं आणि मुंग्या येतात. मुंग्यांसाठी वाडगा पाण्याच्या ताटलीत ठेवा. खडू, पावडर, डांबरगोळ्या यातलं काहीही नको, मांजराला ते विष आहे. फिनेलनं फरशी पुसणंही तूर्त बंद. पाण्याला रुंद मातीचं परळ, सावलीत. पिल्लं महिन्याची होऊन चालू लागली की तेच उथळ करा, नाहीतर बुडतील.

मांजर कुत्र्यासारखी धापा टाकत नाही. ती तोंड उघडून धापा टाकताना, लाळ गाळताना दिसली तर उन्हानं गाठलंय असं समजा. साध्या पाण्यानं पंजे, कान, पोट ओलं करा, पंखा लावा आणि डॉक्टरकडे न्या. बर्फ नको. आणि तापाची गोळी तर मुळीच नको. पॅरासिटामॉलनं मांजर मरते.

पिल्लं आठ आठवड्यांची झाली, दूध सुटलं, की आईची नसबंदी करून घ्या. थांबू नका, पाजत असतानाही तिला पुन्हा दिवस जाऊ शकतात. आणि कुलर? पिल्लं हलवल्यावर आतून नुसत्या पाण्यानं धुवा, उन्हात वाळवा, नव्या ताट्या बसवा आणि वापरा.

प्रश्न : दाराशी मांजर व्यायली आहे. सून गरोदर आहे. मांजर हाकलावी का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : हाकलू नका. भीती टॉक्सोप्लाझ्माची असते, म्हणजे पोटातल्या बाळाला बाधू शकणाऱ्या एका सूक्ष्म परजीवीची. तो मांजराच्या विष्ठेतून पसरतो, पण विष्ठा पडल्यावर तो संसर्ग करण्याजोगा व्हायला किमान एक दिवस जातो. म्हणून घाण रोजच्या रोज काढायची, आणि ती सुनेनं नाही, तुम्ही किंवा मुलानं. सुनेनं बागेची माती कालवताना हातमोजे घालावेत, भाज्या नीट धुवाव्यात, मटण पूर्ण शिजलेलं खावं. तिच्या डॉक्टरांनाही घराशी मांजर आहे हे सांगून ठेवा.