बदली वादक म्हणून गेलात आणि आयोजकांनी तुमचाच नंबर मागितला तर

तुमची पोस्ट दोनदा वाचली. दुसऱ्या बँडचा कीबोर्डवाला आजारी पडला, तुम्ही ऐनवेळी दोन कार्यक्रम सांभाळले, दुसऱ्या कार्यक्रमानंतर आयोजकांनी नंबर मागितला आणि तुम्ही स्वतःच्या बँडचं कार्ड काढून दिलं. आता त्या बँडचे लीडर फोन उचलत नाहीत, मेसेज वाचतात पण उत्तर देत नाहीत. "माझं चुकलं काय आणि आता काय करू," असं विचारलंय. हीच चूक माझ्याही हातून झाली आहे आणि ती मला फार महाग पडली, म्हणून जरा लांबलचक लिहितो.

वेळेवर पोचणं, गाणी बसवून जाणं, ठरलेले कपडे घालणं हे तुम्ही केलंच असणार. ते सोडून देतो. मुद्दा कार्डचा आहे.

आयोजक तुमच्यासमोर येऊन उभा राहिला त्याआधी लीडरने डेमो व्हिडिओ काढलेले असतात, दहा चौकशांना उत्तरं दिलेली असतात, त्यातली एक तारीख पक्की झालेली असते. मग ॲडव्हान्स, साउंडवाल्याशी बोलणी, गाड्या. बदली वादक थेट साउंड चेकला पोचतो, त्याला यातलं काहीच दिसत नाही. त्याला दिसतो खूश होऊन आपणहून नंबर मागणारा माणूस. मागतोय तर द्यायला काय हरकत, असं वाटतं. हरकत अशी की पुढच्या कार्यक्रमाला त्या माणसाच्या फोनमध्ये दोन नंबर असतात आणि तो दोघांनाही दर विचारतो. तुम्ही ते काम घेतलं नाही तरी तुमचा आकडा तो लीडरला ऐकवतो आणि तिथे लीडरचा दर पडतो. "मी कुठे काम पळवलं?" हे तुमचं म्हणणं खरं असूनही लीडर रागावलेले आहेत, ते यामुळे.

नंबर मागितला की करायचं एवढंच. "आजचं बुकिंग यांच्याकडून झालंय, चला, ओळख करून देतो," असं म्हणून त्या माणसाला लीडरपाशी घेऊन जायचं. नुसतं बोटाने दाखवू नका, चार पावलं बरोबर जा. लीडर सामान आवरण्यात अडकलेले असतील तर त्यांचं कार्ड द्या. त्यासाठी कार्यक्रमाआधीच त्यांच्याकडून चार-पाच कार्डं मागून खिशात ठेवायची. मागितल्यावर कुठलाही लीडर नाराज होत नाही, उलट त्याला तुमचा अंदाज येतो. आणि त्याच रात्री त्यांना मेसेज करायचा: कोण भेटलं, त्यांनी काय विचारलं, कोणत्या तारखेबद्दल. चार ओळी पुरतात. सकाळपर्यंत थांबू नका, कारण तोपर्यंत आयोजकाचा फोन त्यांना येऊन गेलेला असू शकतो.

"तुमचा वेगळा बँड आहे का?" असा थेट प्रश्न आला तर खोटं बोलायची गरज नाही. "हो, आहे, पण आज मी यांच्याबरोबर आलोय," एवढं पुरे. त्यापुढे बँडचं नाव, गाण्यांची यादी, पेजची लिंक, काही नाही.

आता माझ्या मनातला सल. कार्यक्रम बुकिंग ऑफिसमार्फत असेल तर जास्त सांभाळा. काही ऑफिसं "फक्त रेकॉर्डसाठी" म्हणून प्रत्येक वादकाचा नंबर लिहून घेतात. नंतर तिथूनच फोन येतो, पुढच्या तारखेला तुम्हीच चार माणसं जमवा, मधला माणूस नको. आपण नाही म्हटलं किंवा दर जुळला नाही की तेच ऑफिस लीडरला सांगतं की तुमचा बदली वादक आमच्याशी परस्पर बोलत होता. मला बसलेला फटका असाच होता, आणि त्या ऑफिसने नंतर खुलासा करायचीही तसदी घेतली नाही. म्हणून माझं ठाम मत आहे की ऑफिसच्या कागदावर संपर्क म्हणून लीडरचाच नंबर लिहायचा. ते अडून बसले तर तिथूनच लीडरला फोन लावून त्यांच्या कानावर घालायचं. कागदावर सही मागत असतील तर वाचून करा. ठरावीक काळ त्या ऑफिसच्या ग्राहकांकडून परस्पर काम घेणार नाही, असं कलम त्यात बऱ्याचदा असतं. ते किती बंधनकारक आहे हे कायदा कळणाऱ्या माणसाला विचारा, मी त्यातला जाणकार नाही.

तुमच्या बाबतीत अजून वेळ गेलेली नाही असं मला वाटतं. क्रम मात्र पाळा. आयोजकाचा फोन आला असेल किंवा आला तर कुठलाही आकडा सांगू नका, "लीडरशी बोलून कळवतो" म्हणा. मग लीडरला सविस्तर मेसेज न लिहिता फोन करा. उचलत नसतील तर दोनच ओळी पाठवा: "कार्ड द्यायला नको होतं, चूक माझी. त्यांची चौकशी आली तर ती तुमच्याकडे पाठवतो." त्यात "पण त्यांनीच मागितलं" हे घालू नका, खरं असलं तरी. घातलंत की माफी संपते आणि वाद सुरू होतो. तुमच्या बँडने ती तारीख आधीच घेऊन टाकली असेल तर ती परत द्यायची तयारी ठेवा, निदान आधी त्यांना विचारा. ते "तुम्हीच करा" म्हणाले तर कमिशनचं बोलणं तुम्ही काढा, त्यांना काढायला लावू नका. जे ठरेल ते लेखी ठेवा, व्हॉट्सॲपवर एक ओळ चालते.

काही प्रसंग खरंच मधले असतात. समजा त्या आयोजकाला एकट्या पियानोचा दोन तासांचा कार्यक्रम हवा आहे आणि हा बँड तसं काही करतच नाही. तरी आधी लीडरच्या कानावर घाला. दहातले नऊ जण "जा, कर" म्हणतील. श्रोत्यांपैकी कुणी काही महिन्यांनी तुम्हाला सोशल मीडियावरून शोधून काढलं तर? माझ्या मते वर्षभराच्या आत असेल तर कळवावं, नंतर नाही. हा काही नियम नाही, कुणी सहा महिने धरतं, कुणी कायमचं. ज्यांच्याबरोबर वाजवता त्यांना पहिल्याच फोनवर विचारून घेतलेलं बरं.

आपल्या हातून न कळत होणारी जाहिरातही असते. ड्रमर स्वतःचा सेट घेऊन जातात आणि किक ड्रमच्या (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमच्या) पुढच्या पडद्यावर त्यांच्या बँडचं नाव ठळक अक्षरांत असतं. स्टेजच्या मधोमध, प्रत्येक फोटोत. साधा पडदा चढवा, नाहीतर त्यावर काळं कापड ताणून लावा. कीबोर्डच्या मागच्या बाजूचा स्टिकर, टॅबलेटच्या कव्हरवरचा लोगो, टी-शर्ट, यांचंही तेच. व्हिडिओ टाकायचा असेल तर बँडने आधी टाकू द्या आणि त्यांचीच पोस्ट शेअर करा. स्वतः टाकायचा झाला तर विचारून, त्यांचं नाव पहिल्या ओळीत लिहून.

मग ओळखी करायच्याच नाहीत का? भरपूर करा, पण वादकांशी आणि तंत्रज्ञांशी. माझं मत विचाराल तर सगळ्यात मोलाची ओळख साउंड इंजिनिअरची. तो वेगवेगळ्या बँडबरोबर काम करतो, आणि कोण लाइन चेकला (प्रत्येक वाद्याचा आवाज नीट येतोय का ते तपासायला) तयार असतो, कोण मॉनिटरवरून (वादकांना स्वतःचं वाजवणं ऐकवणाऱ्या स्टेजवरच्या स्पीकरवरून) कटकट करतो, कोण दोन गाण्यांच्या मध्ये उगाच बोटं चालवत बसतो, हे त्याला नेमकं माहीत असतं. जून १९६४ मध्ये बीटल्सचा ड्रमर रिंगो स्टार दौऱ्याच्या तोंडावर टॉन्सिल्सने आजारी पडला तेव्हा बदली ड्रमर म्हणून जिमी निकोलचं नाव बीटल्सचे निर्माते जॉर्ज मार्टिन यांनी सुचवलं होतं. स्टुडिओतल्या कामामुळे ते त्याला ओळखत होते, आणि बीटल्सची गाणी त्याने दुसऱ्या एका रेकॉर्डसाठी वाजवलेली होती. दुसऱ्याच दिवशी तो कोपनहेगनच्या स्टेजवर होता. मेलबर्नला रिंगो परतला आणि निकोलने जागा सोडली. बदलीचं काम असंच येतं, आपलं वाजवणं जवळून ऐकलेल्या माणसाकडून.

वैयक्तिक कार्ड वेगळं छापून घ्या: नाव, वाद्य, नंबर, बस्स. बँडचं नाव नको. हे कार्ड इतर वादकांना खुशाल द्या. मात्र त्या बँडच्या गायिकेला किंवा ड्रमरला आपल्या कार्यक्रमासाठी बोलवायचं असेल तर आधी लीडरला सांगा. आणि आपल्याला किती मिळाले हे बाकीच्यांशी बोलू नका. बदलीचा दर नेहमीच्या माणसापेक्षा कमी किंवा जास्त असू शकतो, त्यावरून त्यांच्या बँडमध्ये भांडणं लागतात. पैसे लीडर देणार की ज्याच्या जागी गेलात तो देणार, हे जाण्याआधीच विचारून ठेवा.

ज्याच्या जागी गेलात त्याला विसरू नका. काम बहुतेक वेळा त्याच्याच शिफारशीने आलेलं असतं. दुसऱ्या दिवशी त्याला फोन करा, कुठल्या गाण्याची पट्टी बदलली, कुठला शेवट नवीन ठरला ते सांगा, त्याचे चार्ट (गाण्यांचे सूर लिहिलेले कागद) परत करा. "तो सोडणार असेल तर सांगा" हे लीडरसमोर गमतीतही नको.

कीबोर्डवाले आहात म्हणून दोन जास्तीच्या गोष्टी. दुसऱ्याचा सस्टेन पेडल (पायाने दाबून सूर लांबवायचा) मिळाला आणि तो उलटा चालला, म्हणजे पाय उचलल्यावर सूर लांबतोय, तर घाबरू नका. कीबोर्ड बंद करा, पेडल जोडा, पाय त्यावर न ठेवता परत चालू करा. बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची दिशा ओळखतात. तसं नसेल तर पेडलच्या बुडाशी छोटा स्विच आहे का बघा. कीबोर्डचा आवाज बाहेर नेणारी एकच केबल मिळाली तर ती 'एल/मोनो' लिहिलेल्या जागी लावा. 'आर'वर लावली की स्टीरिओ आवाजाचा अर्धा भागच बाहेर जातो. आणि ट्रान्सपोज (बटणाने पट्टी वर-खाली करणं) वापरत असाल तर सेटलिस्टवर, म्हणजे गाण्यांच्या क्रमाच्या यादीवर, त्या गाण्यासमोर लाल पेनाने "+२" आणि लगेच पुढच्या गाण्यासमोर "०" लिहा. चूक नेहमी त्या पुढच्या गाण्यात होते.

हे सगळं लाइव्ह बँडपुरतं. स्टुडिओचं काम आणि शास्त्रीय मैफलीतली साथ यांची गणितं वेगळी असतात, तिथे हे जसंच्या तसं लावू नका. तुमच्या पोस्टमध्ये एक कळलं नाही: आयोजकांनी कुठल्या तारखेबद्दल विचारलं होतं? ती जवळची असेल तर लीडरला आजच फोन करा, त्यांनी ती दुसऱ्या कुणाला देऊन टाकायच्या आत.