'डोकं खाऊ नको' आणि 'मला एकटं सोडा'

प्रश्न आलाय तो असा. लग्न होऊन पुण्याहून सोलापूरला आलेल्या एका सुनेला तिची धाकटी नणंद दिवसातून चारदा "वहिनी, डोकं खाऊ नको की" म्हणते आणि वर हसते. सुनेला ते टोचतं. तिनं स्वतः एकदा ऑफिसातून दमून आल्यावर सासूबाईंना "आई, प्लीज मला थोडा वेळ एकटं सोडा" म्हटलं, तर घरात दोन दिवस कुणी धड बोलेना. "नणंदेचं तोडून बोलणं गोड आणि माझं प्लीज लावलेलं वाक्य कडू, हा कुठला न्याय?" असं त्या विचारतात. शिवाय एक पुरवणी प्रश्न आहे : मीही तिला उलट 'डोकं खाऊ नको बे' म्हणू का?

न्याय आहे, आणि तो वाक्याच्या बांधणीतच आहे.

मराठीत शांतता मागायचे जे रोखठोक प्रकार आहेत ते एकदा आठवून पाहा. डोकं खाऊ नको. जीव खाऊ नको. कटकट लावू नको. कानाशी भुणभुण करू नको. टकळी आवर. (टकळी म्हणजे सूत काढायची चाती, गरगर फिरते म्हणून अखंड चालणाऱ्या जिभेला तिचं नाव मिळालं. हातमागाच्या गावाला हे वेगळं सांगायला नको.) या सगळ्यांत समोरच्याला काय थांबवायला सांगितलंय? खाणं, कटकट, भुणभुण, टकळी. माणसाला जायला कुणी सांगितलेलं नाही. तू बस इथंच, फक्त तोंड बंद ठेव, एवढीच मागणी. 'मला एकटं सोडा' या वाक्यात मात्र उलटं होतं. त्यात आवाजाबद्दल अवाक्षर नाही, माणसालाच बाहेर काढलंय. सासूबाईंनी ते अचूक ऐकलं.

सोलापूरच्या नवी पेठेत दुकानं उघडायच्या वेळी चहाच्या गाड्यावर उभे राहा, हा फरक डोळ्यांनी दिसेल. परवाच दोघे मित्र होते. एकजण वहीत उधारीचे आकडे जुळवत होता, दुसरा त्याला आदल्या रात्रीच्या मॅचमधला शेवटचा ओव्हर चेंडू-चेंडू करून ऐकवत होता. पहिल्यानं वहीवरची नजर न काढता म्हटलं, "सोड की बे, हिशोब करूलालो." दुसरा गप्प झाला. गेला नाही. तिथंच उभा राहून त्यानं कटिंग संपवलं, मित्राच्या चहावर साय धरली तशी ती बोटानं बाजूला काढली, आणि वही मिटल्याबरोबर त्याच चेंडूपासून पुढं सुरू केलं. रागावलं कुणीच नाही. या 'सोड'चा अर्थ 'विषय सोड' इतकाच, आणि तो दोघांना पक्का ठाऊक.

त्या एका वाक्यात सोलापुरी मराठीच्या तीन खुणा आहेत : की, बे आणि करूलालो. तिन्ही आपल्या प्रश्नाशी थेट निगडित आहेत.

'की' सोपा आहे. पुण्याकडं 'ना' जिथं येतो तिथं सोलापूर-कोल्हापूरकडं 'की' येतो. बस ना, बस की. 'जा' हा हुकूम झाला; 'जा की' मध्ये अर्धी विनवणी शिरली. त्यामुळं नणंदेच्या 'खाऊ नको की' मधला 'की' कानाआड करून ते वाक्य मोजू नका. आज्ञार्थाची धार त्यानं बोथट केलेलीच आहे.

'करूलालो' म्हणजे 'करतोय'. येऊलालाय, जाऊलाली, काय करूलालास, हे रूप ऐकलं की माणूस सोलापूरचा हे सांगावं लागत नाही. इथं त्याचं काम असं की त्यात आज्ञाच नाही. 'हिशोब करूलालो', 'स्वयंपाक करूलाली', एवढं सांगितलं की पुढचं ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. सर्वांत सभ्य 'मला सोड' हाच म्हणायला हवा, कारण तो उच्चारावाच लागत नाही.

'बे'ची गोष्ट जरा नाजूक. पुणेरी कानाला तो 'अबे'चा तुकडा वाटतो आणि शिवीच्या उंबरठ्यावर उभा असल्यासारखा ऐकू येतो. नागपूरकडंही तो सर्रास चालतो. सोलापुरात मित्रामित्रांत तो जवळजवळ विरामचिन्ह आहे. पण त्याचे नियम कडक आहेत, आणि ते कुणी शिकवत नाही. चार मित्रांना मिळून 'चला बे' म्हणता येतं. एकट्या मोठ्या माणसाला आदरार्थी 'बसा बे' म्हणणारा सोलापूरकर शोधूनही सापडणार नाही. वडील, मास्तर, घरमालक, मैत्रिणीची आई यांच्यासमोर तो आपोआप गिळला जातो.

आता 'डोकं खाणं'. हा शब्दप्रयोग उद्धट वाटतो तो त्यातल्या चित्रामुळं, पण सोलापुरात हे डोकं चार भाषांत खाल्लं जातं. अक्कलकोटकडचा कन्नड बोलणारा 'तले तिन्नबेड' म्हणतो. पूर्व भागातल्या तेलुगू घरात 'बुर्र तिनकु' ऐकू येतं. दखनीत, म्हणजे दक्षिणेकडच्या उर्दूत, 'दिमाग नको खा'. हा 'नको' मराठीचाच, दखनीनं फार पूर्वी उचललेला. उत्तरेकडच्या उर्दूत तो मिळणार नाही. एकाच गल्लीत चार भाषांची माणसं चार तोंडांनी एकच तक्रार करत असतील, तर त्या तक्रारीतली नखं झिजलेली असणारच. अक्षरशः डोकं कुणी पाहत नाही. प्रश्न विचारणाऱ्या सुनेनं ते नव्यानं ऐकलं म्हणून तिला अजून नखं दिसतात.

मग हे कुणालाही म्हणावं का? तर नाही, आणि इथं 'नको' आणि 'नका' यांच्याकडं बारकाईनं पाहायला हवं. नणंद म्हणते 'वहिनी, डोकं खाऊ नको'. म्हणजे ती वहिनीला 'तू' म्हणते, तिनं तिला बहिणीच्या खात्यात टाकलंय. तिनं 'वहिनी, डोकं खाऊ नका' म्हटलं असतं तर? शब्द सलगीचे आणि क्रियापद अंतराचं. असं वाक्य घरात आलं की समजावं, काहीतरी बिनसलंय. हेच 'ओ, डोकं खाऊ नका' एखाद्या कचेरीच्या खिडकीतून, दाखल्यासाठी तिसऱ्यांदा आलेल्या माणसाला ऐकावं लागतं तेव्हा तो निव्वळ उर्मटपणा असतो. वर 'नका'ची चादर घातलेली असली तरी आत सलगी घ्यायचा हक्क कुणी दिलेला नसतो. आणि रागात नवराबायकोनं एकमेकांना काढलेलं 'आपण जरा गप्प बसता का?' हे तर 'गप बस'पेक्षा दसपट वाईट. आदर वाढला की प्रेम कमी झालं, असा मराठी घराचा जुना हिशोब आहे. 'हात जोडतो बाबा, पण आता थांब' यातला नमस्कारसुद्धा भक्तीचा नव्हे, सहनशक्ती संपल्याचा.

भाषाशास्त्रात याची एक नेटकी मांडणी आहे. १९७८ साली पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांनी सभ्यतेचा जो सिद्धान्त मांडला, त्यात माणसाच्या दोन गरजा सांगितल्या : लोकांनी आपल्याला आपलं मानावं, आणि आपल्या वाटेत कुणी येऊ नये. सूनबाईंना दुसरी गरज होती. त्यांचं वाक्य पडलं ते सासूबाईंच्या पहिल्या गरजेवर.

आणि 'सोडा' हे क्रियापद! हिंदी सिनेमातलं 'मुझे अकेला छोड़ दो' मालिकांमार्गे मराठीत आलं आणि तरुण पिढीच्या तोंडी बसलं. पण मराठीत माणसाला 'सोडणं' फार जड आहे. नवऱ्यानं सोडली. सोडचिठ्ठी दिली. म्हाताऱ्या आईला एकटं सोडून पोरं गेली. नव्या सुनेनं 'मला एकटं सोडा' म्हटल्यावर मागच्या पिढीच्या कानात यातलं काय काय वाजलं असेल, याचा अंदाज करा. 'प्लीज'नं भर घातली. दुकानात, बँकेत प्लीज शोभतो. स्वयंपाकघरात तो परक्याचा शब्द आहे. 'जरा'चं तसं नाही. 'जरा' या दोन अक्षरांत मराठीची निम्मी सभ्यता आहे : जरा सरका, जरा थांबा, जरा बसू द्या.

रोखठोक म्हणजे निरुपद्रवी, असा निष्कर्ष मात्र काढू नका. 'पाठ सोड', 'पिच्छा सोड', 'मानगुटीवरून उतर' हे प्रकार एक पायरी खाली जातात, कारण इथं आवाजाऐवजी माणूसच नको झालाय. मानगुटीवर तर भूतच बसतं. 'माझ्या नादाला लागू नको' ही विनंती नसून धमकी आहे, ती निवांतपणा मागायला वापरू नये. आणि 'चालता हो', 'तोंड काळं कर' यांना कुठलाही सूर वाचवू शकत नाही. 'चालते व्हा' असं आदरार्थी करून पाहा, अपमान तसूभर हलत नाही.

मुळात मराठीला 'जा' म्हणायचंच जड जातं. निघणारा स्वतःदेखील 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. कुणी चुकून 'जातो' म्हटलं तर घरातली म्हातारी लगेच 'येतो म्हणावं' अशी दुरुस्ती करते. गंमत म्हणजे १९४२ साली इंग्रजांना कायमचं जा म्हणून सांगायची वेळ आली तेव्हाही मराठी माणसानं ते हिंदीतूनच सांगितलं : चले जाव. 'चालते व्हा चळवळ' असं कुणी म्हटलं नाही.

परक्याच्या बाबतीत हे सगळं बाजूला ठेवा. सोलापुरात सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत, संक्रांतीच्या गर्दीत 'सरक की बे' अनोळखी माणसालाही चालून जातं, तिथं सगळेच घाईत असतात. पण एसटीत कुणी मुद्दाम खेटत असेल, तर जरा, की, ना यातलं काहीही लावायची गरज नाही. 'ए, सरक मागं' एवढंच, मोठ्यानं. अनोळखी माणसाला 'तुम्ही'वरून 'तू'वर आणणं हीच मराठीतली शाब्दिक थप्पड आहे आणि तिचा उपयोग अशाच वेळी करायचा.

राहता राहिली सूनबाईंची खरी अडचण : दमून आल्यावर अर्धा तास शांतता हवी, ती मागायची कशी? पुण्यात हे काम दारावरची पाटी करते, एक ते चार बेल वाजवू नये. सोलापुरात पाटीचा रिवाज नाही. इथं एकांत नुसता मागून मिळत नाही, त्याला कारण लागतं, आणि सर्वमान्य कारणं दोनच : देव आणि देह. पूजेला बसलेल्या माणसाला कुणी हाक मारत नाही. लिंगायत घरात इष्टलिंग पूजा चालू असेल तर पाहुणा आला तरी ओसरीवर थांबतो. देवाचं सोंग रोज आणता येत नाही, तेव्हा देह बरा. "आई, डोकं जड झालंय, जरा पडते." सोलापूरच्या उन्हानं 'जरा पडणं' या क्रियेला घराघरात मान्यता मिळवून दिलेली आहे, मे महिन्यातल्या दुपारी अख्खं शहर पडलेलं असतं. या वाक्यात कुणाला घालवलेलं नाही, कुणावर ठपका नाही, जे काही करायचं ते बोलणारीच करणार आहे. त्याला आणखी दोन शब्द जोडायचे : "चहाला उठवा." एकांताला शेवट आहे आणि तो त्यांच्याच हातात आहे, एवढं कळलं की सासूबाई स्वतः बाकीच्यांना दटावतील, "गप बसा रे, ती पडलीय." ते 'गप बसा'ही रोखठोकच, आणि यावेळी ते तुमच्या बाजूनं असेल.

कारण खरंच सांगायचं नसेल तर 'बसू द्या' हा प्रकार आहे. "मला जरा निवांत बसू द्या." यात परवानगी मागितल्यासारखी होते आणि 'सोडा'चा काटा टळतो. पण सासूबाई त्यावर "काय झालं गं?" विचारणारच. त्यापेक्षा पडणं सोयीचं.

आता बे. नणंदेला एकटीत म्हणून पाहायला हरकत नाही. कॉलेजच्या मुली मैत्रिणींत म्हणतात. सासऱ्यांच्या देखत नको, आणि घरात 'गं' असताना त्याची गरजही नाही. नणंदेला उत्तरच द्यायचं असेल तर तिच्याच बोलीत द्या : "मी कुठं, तूच माझं डोकं खाऊलालीस की गं." 'खाऊलालीस' म्हणताना सुरुवातीला जीभ अडखळेल आणि नणंद चार दिवस नक्कल करेल. तोवर 'खायलीस' म्हणा, तेही कळतं.