एका आकड्याचा घोळ

प्रश्न : नमस्कार मॅडम, मी उचगावात राहतोय, नाईट शिफ्टला अमेरिकेच्या दवाखान्यांचं मेडिकल बिलिंग करतो. व्हिटॅमिन डीच्या टेस्टचा विमा कंपनीकडं पाठवलेला एक क्लेम रिजेक्ट होऊन आलाय, टेस्टचा कोड ८२६५२ लावलेला, डायग्नोसिसचा म्हणजे आजाराचा कोड ई५५.९. टीम लीडर म्हणायलाय ८२३०६ टाक आणि परत पाठव, पास होतंय. असं चालतं का? आणि गंमत बघा, त्याच आठवड्यात आईची डीची टेस्ट केली राजारामपुरीत, चिठ्ठीवर नुसतं 'व्हिट डी' होतं, बिल बघून डोळे पांढरे झाले, रिपोर्ट मात्र ६८, नॉर्मल. पण आईचे गुडघे, कंबर सगळं ठणकतंयच.

उत्तर : आधी आईंचा रिपोर्ट काढा आणि ६८ च्या पुढं काय लिहिलंय ते बघा. पिकोग्राम असेल तर झालेली टेस्ट आहे १,२५ डायहायड्रॉक्सी, आणि हवी होती ती २५ हायड्रॉक्सी, जिचा आकडा नॅनोग्राममध्ये येतो. काउंटरवर १,२५ ला 'अ‍ॅक्टिव्ह व्हिटॅमिन डी' म्हटलं की माणसाला वाटतं हीच भारी टेस्ट, महाग पण आहे म्हणजे चांगलीच असणार! उलट आहे. शरीरात साठा किती ते २५ वाली सांगते, ती रक्तात दोन-तीन आठवडे टिकते. १,२५ मूत्रपिंड लागेल तसं बनवतं आणि ते काही तासांत निम्मं होतं. साठा घटला की गळ्यातल्या ग्रंथींचं पॅराथायरॉईड हार्मोन वाढतं, मूत्रपिंडाला दामटतं, मग १,२५ नॉर्मल नाहीतर जास्तच दिसतं. कणगीत ज्वारी किती उरली ते बघायचं सोडून आज ताटात भाकरी किती पडल्या ते मोजल्यासारखं आहे हे. १,२५ लागते ती मूत्रपिंडाचा आजार, सार्कॉइडोसिस (फुप्फुसात वगैरे बारीक गाठी होणारा आजार), कारण न कळता वाढलेलं कॅल्शियम, काही प्रकारचे मुडदूस, अशा ठिकाणी.

आता तुमचा क्लेम. ८२३०६ म्हणजे २५ हायड्रॉक्सी, ८२६५२ म्हणजे १,२५. कोड लॅबनं जी टेस्ट केली तिचाच लागतो, पास कुठला होतो त्यावर नाही, त्यामुळं टीम लीडरचं अजिबात ऐकू नका, न केलेल्या टेस्टचं बिल होतंय ते. ऑर्डर आणि रिपोर्ट दोन्ही मागवा. रिपोर्ट २५ चा असेल तर कोडच चुकलाय, बिनधास्त दुरुस्त करून पाठवा. १,२५ च केली असेल तर ८२६५२ च राहणार, मग ऑर्डर काय होती ते लॅबनं आणि डॉक्टरांच्या ऑफिसनं निस्तरायचं. आणि तो ई५५.९ पण तपासा हं, तो कमतरता ठरलेली असेल तेव्हाचा आहे, तिथल्या ओपीडीत नुसता संशय असेल तर लक्षणाचा कोड लावतात.

आपल्याकडं टेस्टला असले कोड सहसा लागत नाहीत, सगळा कारभार चिठ्ठीवर, म्हणून डॉक्टरांकडून '२५ ओएच' (म्हणजे २५ हायड्रॉक्सी) असं स्पष्ट लिहून घ्या, सोबत कॅल्शियम करायचं का तेही विचारा. डी २० नॅनोग्रामच्या खाली आलं तर कमी धरतात. रिपोर्ट यायच्या आधीच मेडिकलमधून डीची साठ हजार युनिटवाली पुडी आणू नका, ती सहसा आठवड्याला एक असते, रोज घेणारे महाभाग मी बघितलेत. आणि हो, नुसत्या डीसाठी उपाशी जायची गरज नसते, आईंना चहा घेऊन जाऊ दे.