‘चमकणारे’ की ‘प्रतिदीप्त’?

पुण्यातल्या एका शिक्षिकेचा प्रश्न : विज्ञान प्रदर्शनात मुळा-मुठेच्या पाण्यावर तक्ता लावतो आहोत. पाण्यातला पारा ओळखणाऱ्या ‘फ्लुओरेसंट डाय-मॉडिफाइड नॅनोपार्टिकल्स’ना ‘चमकणारे सुधारित नॅनोकण’ म्हटले तर चालेल का?

ताई, ‘चमकणारे’ नको. घासलेले भांडेही चमकते, पण तो परावर्तित प्रकाश. इथला कणाला जोडलेल्या रंगाचा रेणू अतिनील किंवा निळा प्रकाश शोषतो आणि त्याहून मोठ्या तरंगलांबीचा प्रकाश स्वतः बाहेर टाकतो. क्विनीनमुळे टॉनिक वॉटर अतिनील दिव्याखाली निळे उजळते, तेच हे. दिवा बंद केला की उजेडही लगेच जातो. ‘प्रतिदीप्ती’ हा शब्द मला यासाठी फार नेमका वाटतो. प्रकाश मिळाला, म्हणून उलट प्रकाश दिला, हे त्या ‘प्रति’त आहे.

‘अनुस्फुरण’ असाही शब्द वापरलेला आढळतो आणि एरवी तो चांगलाच आहे. पण नदीच्या पाण्याविषयी लिहिताना तो मी टाळेन. नत्र-स्फुरद-पालाश आपल्या कानात इतके बसले आहे की वाचकाला स्फुरदच आठवेल. आणि सांडपाण्यातले स्फुरद तर जलपर्णी वाढवणारे खरेखुरे प्रदूषक. ‘फ्लुओरेसंट’ तसाच ठेवलात, तर कोणीतरी हमखास फ्लोराइडबद्दल विचारील. तो संबंध नावापुरता : भौतिकशास्त्रज्ञ स्टोक्सने १८५२ साली ‘फ्लुओरस्पार’ या खनिजावरून हे नाव घडवले. बहुतेक प्रतिदीप्त पदार्थांत फ्लोरिन नसतेच.

‘सुधारित’ म्हटले की बियाणे आठवते. इथे कणाला रंग जोडला आहे, एवढेच सांगायचे आहे. त्यातही ‘रंगद्रव्य’ म्हणजे पिगमेंट, डायला ‘रंजक’. म्हणून ‘प्रतिदीप्त रंजक जोडलेले नॅनोकण’.

आणि खाली एक ओळ जरूर लिहा, कारण खरी गंमत तिथे आहे. पारा चिकटला की काही रंजकांची दीप्ती मंदावते. उलट ऱ्होडामाइनपासून केलेल्या काही रंजकांत आधी जवळजवळ उजेड नसतो. पाऱ्याचा आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, आला की रेणूतले बंद कडे उघडते आणि तो उजळतो. तुमचे कण यांपैकी कोणते, ते तक्त्यावर हवेच. पिण्याच्या पाण्यातल्या पाऱ्याची भारतीय मानकातली मर्यादा लिटरला ०.००१ मिलिग्रॅम आहे. तेवढा पारा डोळ्यांना दिसत नाही, चवीला कळत नाही. उजेडातला हा बदल मात्र उपकरणाने मोजता येतो.