शाळेचे प्रोजेक्ट आई-बापांनी करून द्यायचे का?

तुमचा प्रश्न असा की मुलगा पाचवीत, तुम्ही दोघंही नोकरीला, शाळेच्या ग्रुपवर रात्री साडेनऊला प्रोजेक्टचा मेसेज येऊन पडतो. मग दुकानातून तयार मॉडेल आणलं तर चुकलं का, की जागरण करून आपणच करून द्यावं?

दोन्ही चूक. तयार आणणं चूक आणि करून देणं त्याहून चूक. तयार आणलेल्यात पोराला निदान कळतं तरी की हे विकत आणलंय. आपण करून दिलं की त्याला वाटायला लागतं, हे मीच केलं.

एवढ्या ठामपणे सांगतोय कारण नमुने करणं हा माझा धंदा आहे. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात आमचं पॅटर्नचं शॉप आहे. फाउंड्रीत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओतायच्या आधी मातीत जो लाकडी नमुना दाबतात, तो आम्ही करतो. बीड थंड होताना फुटाला साधारण एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आकसतं, म्हणून माप तेवढं वाढवून धरायचं. नमुना मातीतून साचा न मोडता सुटावा म्हणून बाजूंना किंचित उतार द्यायचा. वडील हेच करायचे, मीही हेच करतो. त्यामुळं मुलगी शाळेत गेल्यापासून नातेवाईक, शेजारी, ग्रुपवरचे पालक, सगळ्यांचं एकच वाक्य: "तुमचं काय बाबा, घरचंच आहे. एका रात्रीत करून द्याल."

होय, देईन की. राधानगरी धरण सातही स्वयंचलित दरवाज्यांसकट सागवानात करून देईन, आणि पाणी चढलं की दरवाजे आपोआप उघडतील असंही करीन. पण ते माझं धरण होईल. माझ्या पोरीला त्यातलं काय येणार?

गेल्या वर्षी ती सहावीत होती. विषय आला 'पाणी अडवा, पाणी जिरवा'. मुदत दोन दिवसांची, मेसेज अर्थातच रात्री. खाली सत्तर-ऐंशी जणांचं 'ओके मॅम' सुरू झालं आणि त्या ढिगाखाली मूळ मेसेज गडप. बायको म्हणाली, "अहो, तेवढं द्या की करून, तिची चाचणी पण आहे." मी म्हटलं, तिला काय करायचंय ते आधी विचार.

तिला बंधारा करायचा होता. धरण सगळेच करणार म्हणून. कोल्हापूर पद्धतीचा बंधारा महाराष्ट्रभर पुस्तकात शिकवतात, आणि आपल्या गावातली पोरं धरणं करतात, हे मला नेहमीच खटकत आलंय. ज्यांनी बघितला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. नदीत ओळीनं खांब, खांबांना उभ्या खाचा. पावसाळा संपला की त्या खाचांतून बरगे, म्हणजे आडव्या फळ्या, एकावर एक सोडायच्या. एक रांग पुढं, एक मागं, आणि दोन्हींच्या मधे माती ठासून भरायची. पाणी अडतं, उसाला पुरतं. पुढचा पाऊस यायच्या आत बरगे काढून घ्यायचे, म्हणजे पूर आला की खांबांच्या मधून निघून जातो, गाळही साचत नाही. वीज नको, यंत्र नको. आता बऱ्याच ठिकाणी लोखंडी बरगे आलेत, पण रीत तीच.

रविवारी सकाळी तिला गाडीवर घालून कसबा बावड्याला राजाराम बंधाऱ्यावर नेलं. तेवढं बापाचं काम, ते मी केलं. ती खाली वाकून खाचा बघत बसली. मग शॉपवर आलो. खांबांसाठी सागवानाचे तुकडे तिनं कचऱ्याच्या पेटीतून निवडले. मी ते शिकंज्यात धरून दाखवले आणि हॅक्सॉ ब्लेड तिच्या हातात दिलं. खाचा वाकड्या आल्या. एक खांब तर जरा कलंडलेलाच. माझे हात शिवशिवत होते, खोटं कशाला बोलू. पण मी उठून लेजरच्या वह्या काढल्या आणि बिलं लिहीत बसलो.

पत्र्याच्या जुन्या ट्रेमधे खांब एमसीलनं बसवले, बरग्यांना आइस्क्रीमच्या काड्या, आणि शाडू शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतनं आणला. तिनं पाणी ओतलं. सगळीकडून गळती. "पप्पा, पाणी गळायलंय." मी म्हटलं, "खऱ्या बंधाऱ्यात काय करतात?" मग दोन रांगांच्या मधे तिनं शाडू भरला, काडीनं ठासला. तरी थोडं झिरपतच होतं. तसंच ठेवून झोपली.

सकाळी उठून बघते तर गळती जवळजवळ थांबलेली. पोरगी नाचायलाच लागली. पण काड्या काढायला गेली तर निघेनात. रात्रभर पाणी पिऊन लाकूड फुगलं आणि खाचांत घट्ट बसलं. ती बराच वेळ त्या काड्यांकडं बघत राहिली आणि म्हणाली, "फुगल्या म्हणून गळायचं थांबलं आणि फुगल्या म्हणूनच अडकल्या, होय की नाही?"

माझ्या शॉपला दोन-दोन वर्षं काम केलेल्या पोरांना मी ही गोष्ट ओरडून सांगत आलोय की लाकूड जिवंत असतं, त्याला जागा ठेवा. ती पोरगी एका रात्रीत स्वतःच्या डोळ्यांनी शिकली. मग कानस घेऊन तिनं खाचा मोकळ्या केल्या. कितपत मोकळ्या करायच्या ते तिचं तिनं ठरवलं. अगदी शेवटी एका खांबावर लाल पेननं दोन रेघा मारल्या आणि शेजारी लिहिलं 39 आणि 43. राजाराम बंधाऱ्यापाशी पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे कोल्हापुरातल्या पोरांना पाढ्यासारखं पाठ असतं. जुलै-ऑगस्टात आमच्याकडं सकाळी चहाच्या आधी 'किती फूट झालं?' हेच विचारतात. 2019 आणि 2021 चा पूर बघितलेल्या गावात ते शिकवावं लागत नाही. पण त्या रेघा मारायचं माझ्या डोक्यात आलं नव्हतं, तिच्या आलं.

आता शाळेचं ऐका. प्रदर्शनात पहिला नंबर आला थर्माकोलच्या धरणाला. निळा ऑइलपेंट लावलेलं पाणी, चकचकीत, वर प्लास्टिकची झाडं. पाण्याचा थेंब नाही. आणि विषय काय, तर पाणी आणि पर्यावरण. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात 2018 पासून बंदी आहे, हे त्या टेबलाभोवतीच्या एकाही मोठ्या माणसाला आठवलं नाही. आमच्या पोरीला सांगण्यात आलं की पाणी ओतू नकोस, टेबलक्लॉथ भिजतो. पाणी न ओतता बंधारा काय दाखवणार ती? शेरा मिळाला: 'कल्पना चांगली, फिनिशिंग कमी'.

फिनिशिंग मला कुणी शिकवू नये. पॉलिश पेपर मारून मारून माझ्या बोटांचे ठसे गेलेत, आधार केंद्रावर मशीन घेत नाही. सहावीतल्या पोरीच्या हाताचं फिनिशिंग जसं असायला पाहिजे तसंच होतं ते. पालकसभेत मी हे उभं राहून बोललो. दोन पालकांनी मान हलवली, बाकीचे मोबाइलमधे. वर्गशिक्षिका मात्र ऐकून घेत होत्या. पुढच्या प्रोजेक्टला त्यांनी आठवडाभर आधी कळवलं, हेही सांगायला पाहिजे.

आता आमच्या धाकट्या मेहुण्याबद्दल. त्याचा मुलगा पाचवीत असताना, दोन-तीन वर्षांमागची गोष्ट, पन्हाळ्याचं मॉडेल करायचं होतं. हा रात्री फोन करतो, "दाजी, तुम्ही पॅटर्नवाले, एका रात्रीचं काम, तीन दरवाजासकट पाहिजे." मी म्हटलं, रविवारी पोराला शॉपवर पाठव. लाकूड देतो, हत्यारं देतो, जेवायला घालतो, संध्याकाळपर्यंत तो स्वतः करील. पोरगं आलं नाही. हजार-बाराशे मोजून तयार पन्हाळा आला. आणि तेव्हापासून दरवर्षी दिवाळीच्या फराळाला पाच पावण्यांच्या समोर त्याचं सुरू होतं, "आमच्या दाजींचं सगळं तत्त्वानं चालतं बरं का, भाच्यासाठी एक रात्र निघाली नाही."

मी भाऊबीजेला वाद घालत नाही म्हणून इथं लिहितो. तेच पोरगं दिवाळीत गल्लीत किल्ला करायचं तेव्हा दोन-दोन दिवस चिखलात असायचं. दगड आणायचं, पोत्यावर माती थापायचं, अळीव पेरायचं, मावळे कुठं उभे करायचे यावरून भांडायचं. एक रुपयाचं तयार सामान लागायचं नाही. त्या पोराला पन्हाळा करता येत नव्हता असं मला कुणीही सांगू नये. त्याला येत होता. शाळेच्या टेबलावर शोभणार नाही असं बापाला वाटलं, एवढंच. आणि हा असला विचार पोरांना लगेच कळतो. पुढं त्यानं गल्लीत किल्ला करायचंही सोडलं. मेहुणा म्हणतो, मोठा झाला म्हणून सोडलं. मला ते पटत नाही.

आणखी एक. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. मूल शाळेत धाडलं नाही तर आई-बापाला महिना एक रुपया दंड. बापाचं कर्तव्य काय, तर पोराला शाळेत पोचवणं. त्याच्या जागी बसून शिकणं नव्हे. या गावच्या माणसांना हे वेगळं सांगायला लागू नये.

तुमच्या रात्रीच्या मेसेजचं म्हणाल तर रात्री उत्तरच देऊ नका. सकाळी मुलाच्या डायरीत लिहून द्या की काम तो स्वतः करतोय, रविवारनंतर आणेल. मार्क कापले तर कापू देत, एका प्रोजेक्टच्या मार्कांवर कुठं काही अडत नाही. ॲपवर फोटो चढवायचा तेवढा तुम्ही चढवा. फोटोची साइज, ओटीपी, पासवर्ड बायकोच्या फोनवर, त्यातनं पोराला काही शिकायचं नसतं. आणि रंगीत प्रिंटांसाठी सकाळी सातला झेरॉक्सवाल्याचं शटर वाजवू नका. चित्र पोरानं काढलं तर बिघडत नाही.

काही गोष्टी सांगायच्या राहिल्या. कटर आणि ग्लू गन पाचवीच्या पोराच्या हातात एकटी देऊ नका, समोर बसा. पहिली-दुसरीच्या पोरांना असले प्रोजेक्ट देतात ते आई-बापांसाठीच असतात, तिथं माझा नियम लावू नका, तिथं शाळेशीच बोला. घरात आजारपण असेल, किंवा एकट्या आईला दोन शिफ्ट कराव्या लागत असतील, तर दुकानातनं आणा आणि निवांत झोपा, तुम्हाला बोलायचा कुणाला हक्क नाही. माझा राग वेळ असणाऱ्यांवर आहे. माझ्याकडं शॉप आहे, लाकूड आहे, तुमच्याकडं नसेल, हेही कबूल. पण पुठ्ठा, चिखल आणि जुना पत्रा कुणाकडं नाही?

तुम्ही कोल्हापुरातले असाल तर उद्यमनगरात कुठल्याही पॅटर्नवाल्याकडं जा. सागवानाचे आणि प्लायचे तुकडे पोतं भरून पडलेले असतात, पोराला घेऊन गेलात तर कुणी पैसे घेणार नाही. माझ्याकडं आलात तर शिकंजाही देईन, मात्र हॅक्सॉ तुमच्या मुलानं चालवायचा. आणि मेहुण्यानं हे वाचलं तर त्याच्या पोरालाही तेच आमंत्रण आहे, आता आठवीत असला तरी. येताना बापाला घरी ठेवून ये.