डायलिसिसवाल्या पेशंटच्या अंगात ॲल्युमिनियम, शिसं साठतं हे खरं का? घरातली जर्मनची (ॲल्युमिनियमची) भांडी काढून टाकू का?

ताई, तुम्ही लिहिलंय की बाबांचं डायलिसिस सहा महिन्यांपूर्वी सुरू झालं, आठवड्यातून दोनदा गुहागरहून चिपळूणला नेता, आणि व्हॉट्सॲपवर "जेवणाखाण्यातून अंगात धातू साठतात" असा मेसेज आल्यापासून आईने जर्मनची सगळी पातेली माळ्यावर टाकली, मासे बंद केले, आणि आता शेजारच्या काकांनी "किडनी साफ करणारं" भस्म आणून दिलंय ते चालू करू का. मी तेरा वर्षं डायलिसिस टेक्निशियन आहे, रत्नागिरी जिल्ह्यातच, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भस्माचं आधी सांगतो कारण ते घाईचं आहे. नका देऊ. नाग भस्म म्हणजे शिसं, ताम्र भस्म म्हणजे तांबं, आणि बऱ्याच रसौषधींमध्ये पारा असतो, हे काही लपवलेलं नाही, नावातच आहे. धडधाकट माणसाच्या अंगातलं थोडंफार शिसं लघवीवाटे जातं. बाबांना लघवीच कमी होते ना? आणि मशीनने निघेल म्हणाल तर तेही नाही, कारण रक्तातलं शिसं जवळजवळ सगळं तांबड्या पेशींना चिकटून बसतं, डायलायझरच्या, म्हणजे मशीनवरच्या रक्त गाळायच्या नळकांड्याच्या, जाळीतून ते बाहेर पडत नाही, ते जाऊन हाडात बसतं आणि वर्षानुवर्षं तिथेच राहतं. काकांचा हेतू चांगला असेल, पण पुडी परत करा. वाईट वाटलं तरी चालेल.

आता मेसेजचं. धातूंची भानगड आहे, ती खोटी नाही. २००९ साली कॅनडातल्या संशोधकांनी आधीचे बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले तर हिमोडायलिसिसच्या (मशीनवर रक्त साफ करतात त्या डायलिसिसच्या) पेशंटांच्या रक्तात कॅडमियम, क्रोमियम, तांबं, शिसं, व्हॅनेडियम जास्त सापडलं आणि जस्त, सेलेनियम, मँगनीज उलट कमी. म्हणजे नको ते साठतं आणि हवं ते कमी पडतं. पण मेसेज लिहिणाऱ्याने सगळा भार स्वयंपाकघरावर टाकला, आणि जिथे खरं बघायला हवं त्या पाण्याबद्दल एक अक्षर नाही.

हिशोब बघा. मशीनमध्ये मिनिटाला साधारण ५०० मिली डायलिसेट, म्हणजे रक्त साफ करायचं पाणी, फिरतं, चार तासांचे झाले १२० लिटर. दोनदा म्हणजे आठवड्याला २४० लिटर पाणी बाबांच्या रक्ताला एका पातळ पडद्याआडून लागून जातं. आपण आठवड्यात पितो किती, चौदा-पंधरा लिटर? आणि आपण पितो त्याला आतडं राखणदार आहे, पोटात गेलेल्या ॲल्युमिनियमपैकी १ टक्कासुद्धा रक्तात शिरत नाही, शिरलं तर किडनी काढते. डायलायझरला असा राखणदार नाही, पाण्यात जे असेल ते सरळ रक्तात, आणि ॲल्युमिनियम रक्तातल्या प्रथिनाला धरून बसतं त्यामुळे एकदा आलं की माघारी जात नाही. म्हणून आपल्या पिण्याच्या पाण्याला लिटरमागे ०.२ मिलीग्रॅमपर्यंत ॲल्युमिनियम चालवून घेतात, डायलिसिसच्या पाण्याला मर्यादा ०.०१. वीस पट कडक.

ही मर्यादा उगाच नाही आली. १९७० च्या दशकात परदेशात डायलिसिसचे पेशंट बोलताना अडखळायला लागले, मग हातपाय झटके, मग विसरभोळेपणा, फिट्स, आणि मग मृत्यू, कुणाला कळेना काय होतंय. १९७६ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या डॉक्टरांनी दाखवलं की अशा पेशंटांच्या मेंदूत ॲल्युमिनियम साठलेलं होतं. ते येत होतं पाण्यातून आणि फॉस्फरस कमी करायच्या ॲल्युमिनियमच्या गोळ्यांतून. हाडं ठिसूळ व्हायची, हिमोग्लोबिन लोहाने वर यायचं नाही. हे फार जुनं आहे असंही समजू नका, १९९६ साली कुरासाओ बेटावर एका सेंटरला पाण्याची नवीन पाइप टाकली, तिला आतून सिमेंटचा गिलावा होता, त्यातून ॲल्युमिनियम सुटलं आणि २७ पेशंटांपैकी १० जण गेले. एका पाइपमुळे. मी नवीन मुलांना शिकवताना हे सांगतोच.

आणि आपल्याकडे पावसाळा आहे. जुलैत नदी-वहाळ लाल गढूळ होऊन येतात, नळपाणी योजनेवाले पाणी निवळायला तुरटी वाढवतात, त्यांचंही बरोबर आहे, पण तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमच. मे महिन्यात उलटं, पाणी आटलं की टँकर, आणि टँकर कुठल्या विहिरीवर भरला ते आपल्याला माहीत नाही. आपल्या जांभ्याच्या पाण्यात लोखंड पण बऱ्याच ठिकाणी जास्त, ते आरओच्या (पाणी शुद्ध करायच्या प्लांटच्या) मेम्ब्रेनवर, म्हणजे गाळणाऱ्या पडद्यावर, बसतं. मेम्ब्रेन चांगली असेल तर यातलं ९५ टक्क्यांच्या वर अडतं, म्हणून तर आरओ प्लांट. पण मेम्ब्रेन म्हातारी होते हो.

मी आधी एका छोट्या सेंटरला होतो, नाव लिहीत नाही. तिथे एका पावसाळ्यात आरओच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी (पाण्यात किती क्षार उरलेत ते दाखवणारा आकडा) हळूहळू वर चढत होती, मी रोज वहीत लिहीत होतो आणि रोज सांगत होतो, उत्तर ठरलेलं, पुढच्या महिन्यात बदलू. शेवटी मी पाण्याचं सॅम्पल स्वतः मागे लागून लॅबला पाठवायला लावलं. ॲल्युमिनियम मर्यादेच्या वर आलं. त्या काळात तीन पेशंटांचं हिमोग्लोबिन इंजेक्शनं देऊनही वर येत नव्हतं, त्याचं कारण तेच होतं असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत, पण त्यातल्या एका आजींचा चेहरा मला अजून दिसतो, त्या दर वेळी विचारायच्या, "बाळा, रक्त का भरत नाय माझा?" मेम्ब्रेन बदलली त्याच आठवड्यात. जे दोन महिने गेले ते गेले.

म्हणून ताई, तुम्ही सेंटरला विचारा. भांडायला नको, साधं विचारा की आरओच्या पाण्याचा केमिकल रिपोर्ट शेवटचा कधी केला, त्यात ॲल्युमिनियम किती, मेम्ब्रेन कधी बदलली, आणि पावसाळ्यात किंवा टँकर चालू झाल्यावर परत तपासणी करता का. चांगल्या सेंटरला हे विचारलेलं आवडतं, मला तरी आवडतं. टाकीपासून मशीनपर्यंतची लाइन जीआयची (जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाची) किंवा तांब्याची नसावी, त्यातून जस्त आणि तांबं सुटतं, तांबं जास्त झालं तर मशीनवरच रक्तपेशी फुटतात.

भांडी. आईला सांगा माळ्यावरून काढायला हरकत नाही, भात, डाळ, पाणी तापवणं चालेल. फक्त आमसूल, चिंच, टोमॅटो घातलेलं कालवण किंवा सार जर्मनच्या टोपात शिजवू नका आणि ठेवू तर मुळीच नका, आंबटाने ॲल्युमिनियम सुटतं. त्याला स्टीलचं घ्या.

त्यापेक्षा औषधांची पिशवी बघा. ॲसिडिटीची जी पातळ जेल मिळतात त्यातल्या पुष्कळशांमध्ये ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं, सुक्राल्फेट या अल्सरच्या औषधातही ॲल्युमिनियम आहे, आणि आपले लोक जळजळ झाली की मेडिकलवाल्याकडून बाटली आणून महिनोन्महिने घेतात. वर लिंबूपाणी घेतलं तर आणखी वाईट, लिंबातल्या सायट्रेटने ते आतड्यातून जास्त शोषलं जातं, मग राखणदार असून नसल्यासारखा. नेफ्रॉलॉजिस्टना (किडनीच्या डॉक्टरांना) दाखवल्याशिवाय अशी बाटली नको. तसंच कधी एमआरआय सांगितला तर डायलिसिस चालू आहे हे आधी सांगा, त्यातल्या काही कॉन्ट्रास्ट इंजेक्शनांत गॅडोलिनियम नावाचा धातू असतो आणि किडनी बंद असलेल्यांची कातडी त्याने दगडासारखी कडक झालेली आहे.

बाबा विडी ओढतात का, किंवा घरात मशेरी आहे का ते तुम्ही लिहिलं नाहीत. तंबाखूचं झाड जमिनीतलं कॅडमियम ओढून घेतं, ते शरीरात दहा-वीस वर्षं राहतं. माझ्या स्वतःच्या आईची मशेरी सुटायला चार वर्षं लागली, म्हणून मी "लगेच बंद करा" असं म्हणत नाही, पण आजपासून कमी करा.

मासे बंद करू नका, कळकळीने सांगतो. डायलिसिसमध्ये प्रोटीन वाया जातं आणि आपल्याकडे प्रोटीन म्हणजे मासेच. बांगडा, तारली, मांदेली बिनधास्त, प्रमाण आहारतज्ज्ञांना विचारून. मोठी मोरी, मोठी सुरमई यांच्यात पारा जास्त, ती कधीतरी. कालवं-तिसऱ्यांमध्ये कॅडमियम साठतं, सणासुदीला ठीक. सुकी मासळी मात्र मिठामुळे नको, त्याचा धातूंशी संबंध नाही.

आणि जेवणाला चव लागत नाही म्हणालात ना बाबांना, ते जस्त कमी झाल्यानेही होतं, डायलिसिस पुरं पडत नसलं तरी होतं. मनाने जस्ताच्या गोळ्या आणू नका, जास्त जस्ताने तांबं खाली जातं, आधी रक्त तपासू द्या. त्याच वेळी सीरम ॲल्युमिनियम (रक्तातल्या ॲल्युमिनियमची तपासणी) कधी केलंय का तेही विचारून घ्या, वर्षातून एकदा करावं असं सांगतात, लिटरमागे २० मायक्रोग्रॅमच्या खाली असलं की बरं.

पुढच्या फेरीला औषधांची पिशवी सोबत न्या. पाण्याचा रिपोर्ट मिळाला तर नावं-पत्ते झाकून आकडे इथे लिहा, मी बघतो.